गाळ्याचा दावा रेंगाळला म्हणून न्यायाधीशावर कारवाई होते का?

शहापूरच्या एका वाचकाने विचारलं आहे: "खडेबाजारातला आमचा दुकानगाळा रिकामा करून मिळावा म्हणून वडिलांनी २०१७ साली बेळगावच्या दिवाणी न्यायालयात दावा घातला. भाडेकरू अजून जुन्याच भाड्यात बसलाय. आतापर्यंत तीन न्यायाधीश बदलले. दर खेपेला समोरच्याचा ज्युनिअर उभा राहतो आणि मुदत मागतो, ती मिळतेही. वडील आता ऐंशीला टेकलेत. गल्लीतले लोक म्हणतात, बेंगळुरूला हायकोर्टात तक्रार ठोका, न्यायाधीशावर कारवाई झाली की दावा आपोआप सुटेल. खरंच अशी कारवाई होते का? आणि केली तर आम्हाला गाळा लवकर मिळेल का?"

कारवाई होते. पण गाळा त्यामुळे लवकर मिळत नाही. पक्षकार या दोन गोष्टींची गल्लत करतात, दोन वर्षं तक्रारअर्जांच्या मागे घालवतात आणि तेवढ्यात समोरचा आणखी दोन वर्षं गाळ्यात बसतो. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कोर्टांत मी अनेक वर्षं मालकांच्या बाजूने उभा राहतो, भाडेकरूंच्याही. त्यामुळे तारीख कशी मागतात आणि ती कशी अडवता येते, हे मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

आधी कारवाईचं बघू. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायाधीशांवर सरकारची, मंत्र्याची किंवा जिल्हाधिकाऱ्याची सत्ता चालत नाही. घटनेच्या कलम २३५ प्रमाणे हे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे. बदली, बढती, गोपनीय अहवाल, चौकशी, सगळं तिथूनच होतं. प्रत्येक जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती प्रशासकीय न्यायमूर्ती म्हणून नेमलेले असतात, आणि तक्रारींची छाननी करायला बेंगळुरूला रजिस्ट्रार (व्हिजिलन्स) यांचं कार्यालय आहे. म्हणजे यंत्रणा आहे, कागदोपत्रीही आहे आणि चालतेही.

पण ती कशासाठी चालते? १९९३ साली के. के. धवन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक चौकट घालून दिली. धवन आयकर अधिकारी होते, पण ती चौकट पुढे न्यायाधीशांनाही लावली गेली. निव्वळ निर्णय चुकला म्हणून शिस्तभंग होत नाही. सचोटीबद्दल किंवा कर्तव्यनिष्ठेबद्दल शंका यावी असं वागणं, बेपर्वाई, एका बाजूवर गैरवाजवी मेहेरबानी, लाच मग ती कितीही किरकोळ असो, असं काही दिसलं तरच होतो. आता तुमच्या दाव्यात न्यायाधीशांनी समोरच्याला मुदत दिली, तर ती मुदत हा एक न्यायिक आदेश आहे. चुकीचा असेल, ढिला असेल. पण त्यामागे हेतू दाखवता आला नाही, तर तक्रार तिथेच बसते.

२०१९ च्या कृष्ण प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या निकालात एक गंमत आहे, ती प्रत्येक पक्षकाराने वाचावी. एका फौजदारी खटल्यात सरकारपक्षाला अठरा तहकुबी दिल्या तरी साक्षीदार आले नाहीत. शेवटी न्यायाधीशाने पुरावा बंद केला, आरोपी सुटला, आणि त्यावरून त्या न्यायाधीशावरच शिस्तभंगाची कारवाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायाधीशाची कोंडी यात स्पष्ट दिसते. मुदत देत राहिला तर दिरंगाईचा ठपका, नाही दिली तर घाईचा. मी अनेक चांगल्या न्यायाधीशांना या भीतीपोटी तारखा देताना पाहिलंय. अपिलात वरचं कोर्ट "प्रतिवादीला पुरेशी संधी मिळाली नाही" असं म्हणून प्रकरण माघारी पाठवतं, तेव्हा सगळी मेहनत मातीत जाते, हे त्यांना माहीत असतं.

याचा अर्थ दिरंगाईसाठी न्यायाधीशाला कधीच धरत नाहीत, असा नाही. आपल्याच कर्नाटकातलं उदाहरण आहे. एका दिवाणी न्यायाधीशाने निकालपत्राचा पूर्ण मजकूर तयार नसताना कोर्टात फक्त शेवटचा आदेश वाचून दाखवला. हे एकदा-दोनदा नव्हे, अनेक प्रकरणांत. बचाव असा की स्टेनोग्राफर नवखा होता, त्याला काम येत नव्हतं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो बचाव मान्य करून बडतर्फी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ही "पंचतंत्रातली गोष्ट" असल्याचं म्हटलं आणि बडतर्फी कायम केली. आदेश बरोबर होता की चूक, याच्याशी त्या प्रकरणाचा काही संबंध नव्हता. जे काम फक्त न्यायाधीशाचं आहे ते झालं नाही, एवढाच मुद्दा होता.

तुमच्या प्रकरणात हाच धागा पकडायचा. ज्या ठिकाणी पक्षकार, वकील, बेलीफ, टपाल यांपैकी कोणाचाच हात नाही, फक्त न्यायाधीशाची लेखणी चालायची आहे, तिथे दिरंगाई झाली तर ती वागणुकीची बाब होऊ शकते. युक्तिवाद संपून महिनोन्महिने निकाल नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २०, नियम १ प्रमाणे निकाल साधारण तीस दिवसांत आणि अपवाद म्हणून साठ दिवसांत द्यायचा असतो. अंतरिम अर्ज "आदेशासाठी" म्हणून ठेवला आणि तो वर्षभर तसाच पडला. बोर्डावर प्रकरण पुकारलंच जात नाही, तारीख बेंच क्लार्कच सांगतो. असं असेल तर तक्रारीत दम आहे.

दुसरी बाब ताब्याच्या दरखास्तीची, म्हणजे जिंकल्यावर कोर्टाचा हुकूमनामा अमलात आणण्याच्या अर्जाची, आणि ती थेट तुमच्या कामाची आहे. हुकूमनामा मिळाला तरी दरखास्तीत पुन्हा वर्षं जातात, हा आपला नेहमीचा अनुभव. २०२१ साली राहुल शाह यांच्या प्रकरणात, जे कर्नाटकातूनच वर गेलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढायची, आणि जास्त वेळ लागला तर कारणं लिहून ठेवायची. मार्च २०२५ मध्ये पेरियम्माळ प्रकरणात त्याच न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकलं. सहा महिन्यांत काम झालं नाही तर संबंधित न्यायाधीश उच्च न्यायालयाला प्रशासकीय बाजूने जबाबदार राहील, असं स्पष्ट लिहिलं. ते प्रकरण तमिळनाडूतलं, पण निर्देश देशभरासाठी आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात आकडेवारी पुढे आली तेव्हा देशात ८.८२ लाखांहून जास्त दरखास्ती पडून असल्याचं दिसलं. तेव्हा "न्यायाधीश जबाबदार" हे शब्द निकालात आहेत म्हणून उद्या कुणी दरखास्त घेऊन पळत सुटेल, अशी आशा मी लावणार नाही. पण अर्जात हा निकाल नमूद केला की न्यायाधीशाला पुढची तारीख देताना निदान कारण लिहावं लागतं. आणि कारण लिहिलं गेलं की वर जाऊन त्याच्यावर बोलता येतं.

आता तुमचा दावा. तक्रारीचा विचार करण्याआधी एक काम करा. रोजनाम्याची, म्हणजे ऑर्डर शीटची, पहिल्या तारखेपासून आजपर्यंतची प्रमाणित नक्कल काढा. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर नंबर, म्हणजे दाव्याचा स्वतंत्र क्रमांक, टाकला की तारखा दिसतात, पण तिथला मजकूर त्रोटक असतो. खरं काय घडलं ते मूळ रोजनाम्यात असतं. नक्कल हातात आली की शिसपेन्सिल घ्या आणि प्रत्येक तारखेसमोर एक अक्षर लिहा: मा म्हणजे मालकाच्या, आपल्या बाजूमुळे गेलेली तारीख, भा म्हणजे भाडेकरूमुळे, को म्हणजे कोर्टामुळे, न्यायाधीश रजेवर किंवा पद रिकामं, ब म्हणजे वकिलांच्या बहिष्कारामुळे.

हे केलं की बहुतेकांचा चेहरा पडतो. कारण "मा" अपेक्षेपेक्षा बरेच निघतात. साक्षीदार आणला नाही, कागद मागाहून जोडले, दावा दुरुस्तीचा अर्ज घातला, प्रोसेस फी वेळेवर भरली नाही, आमचेच वकील दुसऱ्या कोर्टात. "ब" चाही भाग लहान नसतो. वकिलांना संपाचा अधिकार नाही, हे हरीश उप्पल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या डिसेंबरात सांगून टाकलंय, पण बार असोसिएशनने कामापासून दूर राहायचं ठरवलं की आमच्यापैकी कोण कोर्टात उभं राहतं ते मला विचारू नका. या सगळ्याची जबाबदारी न्यायाधीशाच्या माथी मारून तक्रार केली, तर व्हिजिलन्सवाले रोजनामाच मागवतात आणि तक्रार एका ओळीत निकाली निघते.

त्या रोजनाम्यात मला हवी असते ती नोंद अशी: "वादीचा साक्षीदार हजर. प्रतिवादीचे वकील गैरहजर, कनिष्ठ वकील मुदत मागतात. न्यायहितार्थ संधी दिली." यातले "साक्षीदार हजर" हे दोन शब्द फार मोलाचे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १७, नियम १ प्रमाणे एका पक्षाला सगळ्या सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत. २००५ साली सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालात ही मर्यादा अगदी लोखंडी नाही असं ठरलं, पण त्याच नियमात लिहिलंय की वकील दुसऱ्या कोर्टात आहे हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही, आणि साक्षीदार हजर असताना समोरचा उलटतपासाला तयार नसेल तर कोर्टाला साक्ष नोंदवून पुढे जाता येतं. तेव्हा वडिलांना रिक्षाने का होईना तारखेला आणा. ते आले की त्यांची हजेरी रोजनाम्यात लिहायला लावा. वकिलाने एक छोटा मेमो द्यायचा: साक्षीदाराचं वय एवढं, आज हजर आहे, प्रतिवादीने याआधी इतक्या वेळा मुदत घेतली आहे, आता मुदत द्यायची तर कलम ३५ब प्रमाणे खर्च लावावा आणि तो भरल्याशिवाय बचाव पुढे चालवू देऊ नये. नुसता खर्च मागितला तर पाचशे रुपयांवर भागतं आणि भाडेकरू हसत भरतो. "भरल्याशिवाय पुढे नाही" ही अट मागितली की वातावरण बदलतं. मेमो नामंजूर झाला तरी चालेल. तो फाइलमध्ये बसतो, आणि पुढचा न्यायाधीश तो वाचतो.

आपल्या सीमाभागाच्या काही खास अडचणी आहेत, त्या बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या वकिलाला सुचणार नाहीत. पहिली भाषेची. गाळा, माळा, खोली यांच्या भाडेचिठ्ठ्या, पावत्या, जुना पत्रव्यवहार आपल्याकडे सर्रास मराठीत असतो. १९५६ च्या आधीचे, मुंबई राज्यातले कागद तर मराठीतच. कोर्टाचं काम चालतं कन्नड आणि इंग्रजीत, आणि न्यायाधीश मैसूरकडचे, मंगळूरकडचे असले तर त्यांना मराठी अक्षरं लागत नाहीत. मग समोरचा वकील उठतो, "भाषांतर नाही", आणि एक तारीख. भाषांतर दाखल केलं की "अनुवाद चुकीचा आहे, अधिकृत भाषांतरकार नेमा", आणखी तीन तारखा. यावर उपाय साधा आहे, पण आम्ही मराठी माणसं तो करत नाही. दाव्यासोबतच प्रत्येक मराठी कागदाचं ओळीगणिक इंग्रजी भाषांतर जोडा, आणि मुद्दे ठरवण्याच्या टप्प्यावरच समोरच्याला विचारा की भाषांतर मान्य आहे का. नंतर हरकत घेतली तर उशीर कोणामुळे झाला ते रोजनाम्यात उघड दिसतं.

साक्ष देतानाही हेच. वडील मराठीत बोलणार, टंकलेखन होणार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. सही करण्यापूर्वी ती वाचून समजावून घ्या. "दरमहा भाडं घेतलं नाही" आणि "दरमहा भाडं मिळालं नाही" यात दाव्याचं नशीब फिरू शकतं. साक्ष दुरुस्त करून घेण्यासाठी साक्षीदाराला पुन्हा पाचारण करायचा अर्ज म्हणजे सहा महिने गेलेच समजा.

दुसरी अडचण समन्सची. मूळ भाडेकरू वारतो, वारस नोंदवावे लागतात. एक मुलगी गडहिंग्लजला दिलेली, एक मुलगा कोल्हापूरला, एक पुण्यात नोकरीला. सगळे पत्ते दुसऱ्या राज्यातले. समन्स तिथल्या जिल्हा न्यायालयामार्फत जातं आणि "पत्त्यावर मिळून आले नाहीत" असा शेरा घेऊन परत येतं, कधी कधी येतही नाही. चंदगड तालुका आपल्या हद्दीला लागून आहे, पण कोर्टाच्या टपालाला ते अंतर फार मोठं पडतं. वारस रेकॉर्डवर आणायची मुदत मृत्यूपासून नव्वद दिवस असते, हे लक्षात ठेवा. अर्ज घालतानाच ऑर्डर ५, नियम ९ आणि ९अ खाली स्पीड पोस्ट, कुरिअर आणि स्वतः नेऊन बजावण्याची परवानगी, सगळं एकदम मागा. एकेक मागत बसलात तर एकेक तारीख जाईल.

आणि जाता जाता सांगतो. तक्रारीत किंवा अर्जात सीमाप्रश्न आणू नका. "आम्ही मराठी म्हणून न्यायाधीश आम्हाला मुद्दाम तारखा देतात" असं लिहिलेले अर्ज मी पाहिलेत. माझ्या अनुभवात भाडेकरू कन्नड असो की मराठी, तारीख दोघांनाही सारखीच मिळते. तसा आरोप केला की तक्रार वाचणाऱ्याचं लक्ष रोजनाम्यावरून उडतं आणि तुमच्या हेतूकडे जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाडेकरू तारखा का मागतो? जुन्या भाड्यात खडेबाजारात बसणं स्वस्त आहे म्हणून. ते महाग करा, तारखा कमी होतील.

तुमचा गाळा १४ चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दीडशे चौरस फुटांपेक्षा मोठा असेल, तर व्यापारी वापरासाठी कर्नाटक भाडे कायदा, १९९९ लागूच नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ ची पंधरा दिवसांची नोटीस, आणि साधा ताब्याचा दावा. सेलम निकालाबरोबर आलेल्या नमुना नियमांत अशा साध्या दाव्यांना पहिल्या, म्हणजे सगळ्यात वेगवान ट्रॅकवर टाकलं होतं, आणि कर्नाटकानेही २००५ मध्ये केस फ्लो मॅनेजमेंटचे स्वतःचे नियम केले. हे नियम आहेत याची आठवण वकिलांनाही करून द्यावी लागते, न्यायाधीशांचं तर सोडाच. गाळा त्याहून लहान असेल तर भाडे कायद्याच्या कलम २७ मधली कारणं सिद्ध करावी लागतात, आणि त्यात "मी भाडेकरूच नाही" असा वाद काढून वेळ काढायची एक वेगळी वाट समोरच्याला मिळते.

नोटिशीची मुदत संपल्यानंतर भाडेकरूचा भोगवटा बेकायदा होतो. त्यापुढच्या काळासाठी जुनं भाडं नव्हे, तर बाजारभावाने भरपाई, ज्याला आम्ही मीन प्रॉफिट म्हणतो, ती मागता येते. २००५ च्या आत्माराम प्रॉपर्टीजच्या निकालात दिल्लीच्या कॅनॉट सर्कसमधली एक जागा होती. १९४४ पासूनचा भाडेकरू, भाडं महिना ३७१ रुपये ९० पैसे. ताब्याच्या हुकुमाला स्थगिती हवी असेल तर दरमहा १५,००० रुपये भरा, ही अट सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. तुमच्या दाव्यात ही मागणी मुळात आहे का ते आधी तपासा. नसेल तर दुरुस्ती अर्ज घाला, पण पुरावा सुरू झाला असेल तर वकिलाशी नीट बोलून. त्या दुरुस्तीवरच वर्ष घालवण्यापेक्षा दाव्याच्या निकालानंतर वेगळी चौकशी मागणं कधी कधी बरं. खडेबाजारातल्या शेजारच्या दोन-तीन गाळ्यांचे अलीकडचे नोंदणीकृत भाडेकरार मिळाले तर आणा. तोंडी "आता वीस हजार चालतंय" याला किंमत नाही. दावा चालू असतानाही, भाडेकरू निदान जे भाडं कबूल करतो ते तरी थकवत असेल, तर ऑर्डर ३९, नियम १० खाली ते कोर्टात भरायला लावता येतं.

दावा हलवायला वर जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे. यशपाल जैन प्रकरणात ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाच वर्षांहून जुन्या प्रकरणांची आकडेवारी प्रत्येक न्यायाधीशाने दरमहा प्रधान जिल्हा न्यायाधीशांना द्यायची आणि त्यांनी ती उच्च न्यायालयाच्या समितीकडे पाठवायची. तुमचा दावा २०१७ चा, म्हणजे त्या यादीत बसतो. वडिलांच्या वयाच्या दाखल्यासह "ज्येष्ठ नागरिकाचं प्रकरण, पाच वर्षांहून जुनं, प्राधान्य द्यावं" असा अर्ज आधी त्याच कोर्टात द्या. दुसरा रस्ता उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात, घटनेच्या कलम २२७ खाली, म्हणजे खालच्या कोर्टांवरच्या देखरेखीच्या अधिकारात. धारवाडला २०१३ पासून कायम खंडपीठ आहे, त्यामुळे बेंगळुरूच्या खेपा वाचतात. पण २९ फेब्रुवारी २०२४ च्या घटनापीठाच्या निकालानंतर "इतक्या महिन्यांत निकाल द्या" असा आदेश उच्च न्यायालयाने सहसा देऊ नये, अपवादात्मक परिस्थितीतच द्यावा, असं ठरलंय. ऐंशीचे वडील हा अपवाद म्हणून मांडता येतो. रोजनाम्यातल्या पेन्सिलीच्या नोंदींचा तक्ता इथे उपयोगी पडतो.

इतकं करूनही, आणि फक्त न्यायाधीशाच्याच हातात असलेलं काम अडलंय असं दिसलं तरच, तक्रार करा. ती रजिस्ट्रार जनरल किंवा रजिस्ट्रार (व्हिजिलन्स), कर्नाटक उच्च न्यायालय, बेंगळुरू यांच्या नावे. सोबत शपथपत्र पाहिजेच. शपथपत्राशिवाय आणि पडताळता येईल अशा साहित्याशिवाय कनिष्ठ न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारी विचारात घेऊ नयेत, अशी सूचना सरन्यायाधीशांकडून २०१४ मध्येच सगळ्या उच्च न्यायालयांना गेलेली आहे. निनावी अर्ज, दहा जणांच्या सह्यांचं निवेदन, आमदाराचं पत्र यांचा उपयोग नाही, झाला तर तोटाच. मजकूर छोटा ठेवा: युक्तिवाद अमुक तारखेला संपला, निकालासाठी अमुक तारखा लागल्या, निकाल नाही, नक्कल सोबत. विशेषणं नकोत.

घाबरू नका. न्यायालय अवमान कायदा, १९७१ च्या कलम ६ प्रमाणे कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेली तक्रार अवमान होत नाही. मात्र तीच तक्रार गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली की हे संरक्षण संपलं. आणि न्यायाधीशावर नुकसानभरपाईचा दावा लावायचं डोक्यात असेल तर सोडून द्या. न्यायाधीश संरक्षण कायदा, १९८५ तिथे आडवा येतो.

तक्रार केल्यावर काय होतं? बहुधा तुम्हाला काहीच कळत नाही. खुलासा मागवला जातो, तो गोपनीय राहतो. शेरा गेलाच तर वार्षिक गोपनीय अहवालात जातो. न्यायाधीश तो दावा दुसऱ्याकडे वर्ग करा म्हणून स्वतःच लिहून मोकळे होऊ शकतात, आणि मग नवीन कोर्टात सगळं पहिल्यापासून समजावून सांगा. म्हणून युक्तिवादाच्या टप्प्यावर असाल तर तक्रारीआधी दहा वेळा विचार करा.

मला विचाराल तर दोष न्यायाधीशांपेक्षा युनिटच्या, म्हणजे निकाली काढलेल्या कामासाठी मिळणाऱ्या गुणांच्या, हिशेबात जास्त आहे. दर महिन्याला किती कामाचा निपटारा केला यावर न्यायाधीशाचं मोजमाप होतं. लढवलेल्या, जुन्या, वारसांनी भरलेल्या ताब्याच्या दाव्याला युनिट जास्त मिळत असतील, पण त्याला लागणारा वेळ त्याहून कितीतरी जास्त. तडजोडीचे, कबुलीचे, एकतर्फी दावे चटकन सुटतात. महिनाअखेरीला न्यायाधीश कुठल्या फाइलला हात घालतील ते सांगायला नको. त्यात माणसंच कमी. दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश असावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं होतं. मंजूर पदांच्या हिशेबानेही आपण अजून वीस-एकविसाच्या आसपास आहोत. अशा ठिकाणी एकट्यादुकट्या न्यायाधीशाला शिक्षा केल्याने बाकीचे जुन्या दाव्यांना हात घालायला आणखी घाबरतील, असं मला वाटतं. ज्याने युक्तिवाद ऐकून निकाल दाबून ठेवला त्याला मात्र सोडू नये.

बदल्यांचंही गणित मांडा. सर्वसाधारण बदल्या उन्हाळ्यात होतात. मार्चमध्ये तोंडी युक्तिवाद झाला आणि निकाल राहिला, तर जूनमध्ये नवीन साहेबांपुढे तो पुन्हा करावा लागतो. नोंदवलेली साक्ष पुढच्या न्यायाधीशाला वापरता येते, ऐकलेला युक्तिवाद येत नाही. म्हणून ऑर्डर १८, नियम २ खाली लेखी युक्तिवाद, भाषांतरित कागदांच्या पान नंबरांसकट, फेब्रुवारीतच दाखल करून ठेवा. नवीन माणूस आला तरी त्याच्या हातात तयार मसुदा असतो.

आणि निकाल तुमच्या बाजूने लागला की त्याच आठवड्यात तीन गोष्टी करा. निकालाची आणि हुकूमनाम्याची नक्कल मागा, वरच्या कोर्टात कलम १४८अ चं कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणार नाही, आणि दरखास्त तयार ठेवा. कॅव्हेट नव्वद दिवस टिकतं. अपील त्यानंतर आलं तर ते संपलेलं असेल, म्हणून पुन्हा दाखल करायची तारीख वहीत लिहून ठेवा. दरखास्तीत भाडेकरूचा पुतण्या किंवा भागीदार "गाळा माझ्या ताब्यात आहे" म्हणून अडथळा आणेल, असं धरूनच चाला. गाळ्यावर सध्या कोणाच्या नावाची पाटी आहे, वीजबिल कोणाच्या नावावर येतं, महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना कोणाचा, याचे कागद आणि आजचे फोटो आत्ताच गोळा करायला लागा.